एम्फिसीमाही वाढला, कॅल्शियमही वाढलं: एका सीटी अभ्यासाचं प्रकरण

ज्या संशोधन गटाचं हे प्रकरण आहे, त्यात मोजमापांची बाजू माझ्याकडे होती. ओळख पटू नये म्हणून ठिकाण, वर्षं आणि रुग्णसंख्या गाळली आहे. निर्णय मात्र जसे घेतले तसेच लिहिले आहेत. त्यातले चुकलेले काही माझेच आहेत.

पार्श्वभूमी

वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या छातीत दोन गोष्टी बरोबरीनं चालू असतात. फुप्फुसातल्या वायुकोशांच्या भिंती झिजून त्यांच्या मोठ्या पोकळ्या होतात, तो एम्फिसीमा. आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतींत चरबीबरोबर कॅल्शियम साठत जातं. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासाची वाट कायमची अरुंद होण्याच्या आजाराच्या, रुग्णांत हृदयविकार जास्त आढळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. धूर आणि वय दोन्हीकडे समान आहेत. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. ज्याचं फुप्फुस झपाट्यानं बिघडतं, त्याच्या धमन्याही झपाट्यानं बिघडतात का? तसं असेल, तर धुराखेरीज आणखी काहीतरी, कदाचित अंगभर धुमसणारा दाह, दोन्हीकडे हात मारतोय असं म्हणता आलं असतं.

या प्रश्नाची सोय अशी की वेगळा स्कॅन लागत नाही. छातीच्या साध्या, कमी किरणमात्रेच्या सीटीत फुप्फुस दिसतं तसं हृदयही दिसतंच. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला हाउन्सफील्ड युनिटमध्ये एक आकडा असतो: पाणी ०, हवा उणे १०००. ज्यांच्या नावाची ही मोजपट्टी, त्या गॉडफ्री हाउन्सफील्डना सीटीसाठी १९७९ साली अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. एम्फिसीमा मोजायचा तर फुप्फुसातले उणे ९५० च्या खालचे ठिपके शेकडा किती, ते काढायचं. कॅल्शियमसाठी १९९० साली मांडलेला अ‍ॅगॅटस्टन स्कोअर आहे. धमनीत १३० किंवा त्याहून जास्त युनिटचा आणि निदान १ चौरस मिलिमीटरचा डाग दिसला की तो कॅल्शियम धरायचा, आणि त्याच्या क्षेत्रफळाला सर्वांत तेजस्वी ठिपक्यानुसार १ ते ४ या गुणकानं गुणायचं.

म्हणजे दोन्ही मापं उंबरठ्याची. ठिपका उंबरठ्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच विचारणारी. तेव्हा हे वाक्य मी सहज बोलून गेलो असतो आणि पुढच्या कामाला लागलो असतो.

आमच्याकडे धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या, संमती दिलेल्या रुग्णांचे दोन-दोन स्कॅन होते: एक सुरुवातीचा, दुसरा सुमारे तीन वर्षांनंतरचा. ते संशोधनासाठी मुद्दाम काढलेले नव्हते. नेहमीच्या उपचारात झालेले स्कॅन आम्ही विभागाच्या पॅक्समधून, म्हणजे चित्रांच्या संग्रहातून, उतरवून घेतले होते. यंत्र दोन्ही वेळी एकच होतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

काय दिसलं

तीन वर्षांत एम्फिसीमा वाढलेला दिसला आणि कॅल्शियमही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्यांचा एम्फिसीमा जास्त वाढला, त्यांचंच कॅल्शियम जास्त वाढलं होतं. वय, सिगारेटचं प्रमाण, रक्तदाब, मधुमेह सगळं धरून पाहिलं तरी नातं टिकलं. आलेखावर ठिपके तिरप्या रेषेभोवती असे बसले होते की बैठकीत कुणीतरी टाळी वाजवली. मीही वाजवली असेन.

गोषवारा एका परिषदेला पाठवला आणि तो स्वीकारला गेला. दरम्यान आणखी एक गोष्ट सुरू झाली होती. नैतिकता समितीच्या अटीनुसार, ज्यांचा कॅल्शियम स्कोअर १०० च्या वर जाईल त्यांच्या डॉक्टरांना पत्र पाठवायचं ठरलं होतं. हा आकडा आम्ही मनानं ठरवला नव्हता. १०० पासून पुढे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, सुरू करण्याकडे कल ठेवा, असं अमेरिकी हृदयसंस्थांची २०१८ ची कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकाही सांगते. पत्रांची पहिली तुकडी रवाना झालीही होती.

शंका कुठून आली

शंका काढली ती गटातल्या छातीविकारतज्ज्ञ मॅडमनी. परिषदेच्या तयारीत मी रुग्णांची यादी एम्फिसीमाच्या वाढीनुसार उतरत्या क्रमानं लावून दिली होती. त्यांनी पहिली दहा-बारा नावं त्यांच्या कागदांशी ताडून पाहिली आणि म्हणाल्या, "यातले बरेच जण चांगले धष्टपुष्ट आहेत. माझे एम्फिसीमाचे पेशंट असे नसतात. ते वाळत जातात."

मी म्हटलं, अपवाद असतात. त्यांनी दुसरा कागद पुढे केला: त्याच लोकांची फुप्फुसातून रक्तात वायू किती शिरतो ती तपासणी, डीएलसीओ. एम्फिसीमात वायुकोशांच्या भिंती जातात, त्यासोबत केशवाहिन्याही जातात, त्यामुळे हा आकडा पडायला हवा. यांचा जिथल्या तिथे होता. "भिंती पडल्या आणि घरातल्या कुणाला कळलंच नाही?" असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या संध्याकाळी यादीतल्या पहिल्या रुग्णाचे दोन्ही स्कॅन मी शेजारी-शेजारी उघडले. इतके दिवस मी फक्त आकडे पाहत होतो, चित्र नाही. हे कबूल करायला आजही लाज वाटते. सुरुवातीचं चित्र मऊ होतं, पाण्यात भिजल्यासारखं. नंतरच्यात प्रत्येक रक्तवाहिनीची कड सुईसारखी टोकदार आणि मधल्या भागात वाळू पसरल्यासारखी खरखर. एम्फिसीमा म्हणून सॉफ्टवेअरनं रंगवलेले ठिपके एका जागी गोळा झालेले नव्हते, सगळ्या फुप्फुसभर मीठ भुरभुरल्यासारखे होते. हृदयाकडे गेलो तर 'कॅल्शियम'चे दोन-तीन डाग जिथे होते तिथे मला काहीच दिसेना. होती ती तीच वाळू, फक्त जरा जास्त चमकणारी.

सीटीत मिळालेल्या कच्च्या मापांतून चित्र घडवताना एक गणिती चाळणी लावतात. तिला कर्नेल म्हणतात. मऊ कर्नेल खरखर दाबतो पण कडा बोथट करतो. तीक्ष्ण कर्नेल कडा उठावदार करतो आणि खरखरही वाढवतो. फुप्फुसातली बारीक जाळी डोळ्यांनी पाहायला तीक्ष्ण बरा, मोजायला मऊ. स्कॅनची चित्रं डायकॉम नावाच्या स्वरूपात साठवतात, आणि त्या फाइलमध्ये कर्नेलची नोंद (००१८,१२१०) या टॅगमध्ये, म्हणजे माहितीच्या रकान्यात, असते. आमच्या मूळ फायलींत ती होती. पण ओळख पुसताना मालिकेचं, म्हणजे एका कर्नेलनं घडवलेल्या कापांच्या संचाचं, वर्णन काढलं जातं, त्यामुळे तीक्ष्ण मालिकेच्या नावातला 'लंग' हा शब्द आमच्या नजरेपर्यंत आलाच नाही. पुढे मोजमापासाठी फायली निफ्टी या संशोधनात वापरल्या जाणाऱ्या चित्र-स्वरूपात बदलल्या आणि त्यात डायकॉमचे टॅग येतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सीटीच्या टेक्निशियनना विचारलं. त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं: "पॅक्सची जागा भरत आली होती, म्हणून पातळ सॉफ्ट सिरीज पाठवणं बंद केलं. आता पातळ फक्त लंगची जाते, सॉफ्ट पाच मिलिमीटरची." आमच्या प्रोग्रामचा नियम होता, 'सर्वांत पातळ काप असलेली मालिका उचल, बरोबरी झाली तर पहिली'. सुरुवातीच्या वेळी १ मिलिमीटरच्या दोन्ही मालिका होत्या आणि मऊ पहिली होती. नंतर १ मिलिमीटरची एकच उरली, तीक्ष्ण. नियम प्रामाणिकपणे पाळला गेला होता.

एकाच खरखरीनं दोन्ही आकडे कसे वाढवले

इथे जरा थांबतो, कारण सगळ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे.

समजा फुप्फुसाच्या एका निरोगी भागाची सरासरी उणे ८८० आहे. खरखरीचं प्रमाण, म्हणजे ठिपके सरासरीभोवती किती विखुरतात ते प्रमाण विचलन, २० असेल तर उणे ९५० हा उंबरठा साडेतीन विचलनं लांब पडतो. दहा हजारांत दोन-तीन ठिपके चुकून त्याखाली जातील. तेच विचलन ५० झालं तर उंबरठा फक्त १.४ विचलनं लांब, आणि शंभरात आठ ठिपके खाली जातात. फुप्फुस तेच, सरासरी तीच, आणि एम्फिसीमा शून्यावरून ८ टक्के.

हृदयात याची दुसरी बाजू. रक्ताची सरासरी ४० च्या आसपास. विचलन २० असेल तर १३० साडेचार विचलनं दूर: दहा लाखांत तीन-चार ठिपके. विचलन ४५ झालं की शंभरात दोन. त्यातही पिक्सेलची गंमत आहे. चित्रात टिपलेला ३६० मिलिमीटरचा चौकोन प्रत्येक बाजूला ५१२ पिक्सेलमध्ये विभागला तर एक पिक्सेल ०.४९ चौरस मिलिमीटर येतो. १ चौरस मिलिमीटर भरायला तीन लागतात. चौकोन ३८० चा केला तर पिक्सेल ०.५५ चा होतो आणि दोनच पुरतात. चौकोन मोठा कुणासाठी घेतात? रुंद छातीच्या माणसासाठी.

म्हणूनच यादीच्या डोक्यावर धष्टपुष्ट माणसं होती. जाड शरीरातून किरण कमी पार होतात, खरखर वाढते आणि ती एकाच वेळी ठिपक्यांना खाली उणे ९५० कडे आणि वर १३० कडे ढकलते. ज्याच्यात एक माप फुगलं त्याच्यात दुसरंही फुगणारच. आम्हाला सापडलेलं हृदय-फुप्फुसाचं नातं बऱ्याच अंशी रुग्णाच्या घेराशी होतं.

मग आमच्या दर्जा-तपासणीला हे कसं कळलं नाही? श्वासनलिकेतली हवा उणे १००० च्या जवळ येते का, हे आम्ही प्रत्येक स्कॅनमध्ये पाहिलं होतं. येत होती. सरासरी पाहिली, विचलन पाहिलं नाही. खरखरीनं सरासरी हलत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता, आणि तो मीच सुचवला: समीकरणात 'कर्नेल' हा एक घटक घालायचा आणि पुढे जायचं. आमच्या संख्याशास्त्रज्ञांनी तो पाच मिनिटांत मोडीत काढला. कर्नेलचा परिणाम सगळ्यांत सारखा असता तर चाललं असतं. इथे तो शरीराच्या घेरानुसार बदलतो. शिवाय दुसऱ्या वेळचे सगळेच स्कॅन तीक्ष्ण, म्हणजे कर्नेल आणि काळ एकमेकांना चिकटलेले. ते सोडवायचे कशानं?

कच्च्या मापांतून पुन्हा मऊ चित्र घडवणं हा खरा इलाज. पण कच्ची मापं यंत्रावर थोडेच दिवस राहतात. ती केव्हाच पुसली गेली होती.

रुग्णांना पुन्हा बोलवून स्कॅन काढायचा, असंही एकदा निघालं. आमच्या चुकीसाठी त्यांनी किरणं का घ्यायची? यावर चर्चा झालीच नाही, आणि तेच बरोबर होतं.

वाद रंगला तो एआयवर. तीक्ष्ण चित्राचं मऊ चित्र करून देणारं न्यूरल नेटवर्क शिकवता येतं, आणि शिकवायला लागणाऱ्या जोड्या आमच्याकडे होत्या: सुरुवातीच्या स्कॅनमध्ये एकाच श्वासातल्या मऊ आणि तीक्ष्ण अशा दोन्ही मालिका होत्या. तरुण मंडळी उत्साहात होती. माझा आक्षेप असा की नेटवर्क चित्र 'शोभेल असं' करून देतं. बारीक कॅल्शियमचा डाग त्याला वाळूचा कण वाटला तर ते तो गुळगुळीत करून टाकेल आणि आपल्याला पत्ता लागणार नाही. आपल्याला नेमके तेच डाग मोजायचे होते. हा आक्षेप आज मी इतक्या ठामपणे घेईन की नाही, माहीत नाही. राखून ठेवलेल्या जोड्यांवर पारखून पाहता आलं असतं. त्या वेळी मात्र एका न पाहिलेल्या चुकीतून बाहेर पडताना दुसरी न दिसणारी गोष्ट मध्ये आणायची हिंमत नव्हती.

काय केलं

आधी त्या जोड्यांचा उपयोग चुकीचा आकार पाहण्यासाठी केला. तोच रुग्ण, तोच श्वास, तोच क्षण. फरक फक्त कर्नेलचा. पहिल्याच जोडीत तीक्ष्ण चित्रावर एम्फिसीमा जवळजवळ तिप्पट आला आणि मऊ चित्रावर शून्य असलेला कॅल्शियम स्कोअर दोन आकडी झाला. एका सेकंदाचाही अवधी न जाता रुग्ण 'तीन वर्षांनी' आजारी झाला होता. हा पुरावा पहिल्या दिवसापासून आमच्याच डिस्कवर पडून होता.

मग दोन्ही अवयवांचे मार्ग वेगळे केले. फुप्फुसासाठी सुरुवातीचीही तीक्ष्ण मालिकाच घेतली, म्हणजे तीक्ष्णाची तुलना तीक्ष्णाशी. त्याआधी दोन्ही चित्रांतली बारीक खरखर वारंवारतेच्या पट्ट्यांमध्ये वेगळी करून एका पातळीवर आणली. उणे ९५० सोबत पर्सेंटाइल-१५ हेही माप ठेवलं, म्हणजे ज्या आकड्याच्या खाली फुप्फुसाचे १५ टक्के ठिपके येतात तो आकडा. तो एका ठरावीक उंबरठ्यावर इतका अवलंबून नसतो. श्वास किती खोल घेतला त्यानुसारही घनता बदलते, म्हणून फुप्फुसाच्या आकारमानाची दुरुस्ती केली.

हृदयासाठी उलट केलं. नंतरच्या वेळी ५ मिलिमीटरची मऊ मालिका होती, म्हणून सुरुवातीच्या १ मिलिमीटरच्या मऊ कापांची पाच-पाचची सरासरी काढून तशीच जाडी बनवली. यात तोटा आहे: जाड कापात लहान डाग आजूबाजूच्या ऊतींत विरघळतो. स्कोअर कमी येतो, पण दोन्ही वेळी सारख्याच रीतीनं कमी येतो. जोडीला दोन रेडिओलॉजिस्टांनी तारीख न पाहता डोळ्यांनी चार श्रेणी दिल्या: नाही, थोडं, मध्यम, भरपूर. स्कॅन ईसीजीशी जुळवून घेतलेले नव्हते, धडकत्या हृदयाच्या कडा पुसट होत्या. अशा चित्रावर सरावलेली नजर बरीच माफ करते, उंबरठा काहीच माफ करत नाही.

परिषदेचा गोषवारा मागे घ्यायचा की सुधारून सादर करायचा, यावर दोन बैठका गेल्या. 'तिथेच जाऊन चूक मांडू' असं एक मत होतं, आणि मला ते पटलंही होतं. पण नवे आकडे तोवर येणार नव्हते आणि छापलेला गोषवारा तसाच फिरत राहिला असता. मागे घेतला.

पत्रं हा सर्वांत अवघड भाग. पहिल्या तुकडीतल्या प्रत्येक रुग्णाचं चित्र दोन्ही रेडिओलॉजिस्टांनी पुन्हा पाहिलं. बहुतेकांना खरंच कॅल्शियम होतं, फक्त आकडा फुगलेला. काहींना दिसण्यासारखं काहीच नव्हतं. सगळ्यांच्या डॉक्टरांना दुसरं पत्र गेलं, त्यात 'आमच्या मोजण्यात चूक झाली' असं साध्या शब्दांत लिहिलं. पहिल्या मसुद्यात 'तांत्रिक कारणांमुळे पुनर्मूल्यांकन' असं होतं. मॅडमनी ते खोडलं.

काय निष्पन्न झालं

सुरुवातीच्या स्कॅनपुरतं पाहिलं तर ज्यांना एम्फिसीमा जास्त, त्यांना कॅल्शियमही जास्त, हे नातं राहिलं. वय आणि सिगारेट धरल्यावर बरंच क्षीण झालं. ते आकडे सगळे मऊ कर्नेलचे होते, त्यामुळे त्यावर विश्वास आहे. दोन्ही आजार बरोबरीनं पुढे सरकतात, हे आमचं मूळ विधान मात्र टिकलं नाही. एम्फिसीमाची खरी वाढ इतकी कमी निघाली की तीन वर्षांत ती आमच्या मोजण्याच्या चुकीपासून वेगळी काढणं कठीण होतं. असं नातं नसतंच, असंही यातून म्हणता येत नाही. आमच्याकडच्या चित्रांतून ते कळण्यासारखं नव्हतं, एवढंच.

एका डॉक्टरांनी कळवलं की पहिल्या पत्रानंतर त्यांनी स्टॅटिन सुरू केलं होतं, आणि रुग्णाला इतर कारणंही असल्यामुळे ते बंद करणार नाहीत. दुसऱ्यांनी लिहिलं की त्यांच्या रुग्णानं पत्राच्या धास्तीनं सिगारेट सोडली, आता त्याला काय सांगू? यावर आमचं एकमत झालं नाही. मी म्हणालो, खरं ते सांगा. मॅडमचं मत होतं की खरं सांगावंच, पण समोर बसवून, आणि कॅल्शियम नसलं तरी सिगारेट सोडण्याची बाकीची कारणं जागच्या जागीच आहेत, हेही त्याच भेटीत.

पुन्हा करायचं झालं तर

मालिका निवडण्याचा नियम काप किती पातळ यावर नव्हे, तर कर्नेल, जाडी आणि किरणनळीचं व्होल्टेज या तिन्हींवर ठरवला असता, आणि फाइल बदलण्याआधी ते टॅग एका तक्त्यात उतरवून ठेवले असते. व्होल्टेज मुद्दाम लिहितोय: ते कमी केलं की कॅल्शियम जास्त चमकतं आणि स्कोअर वर जातो. आमच्या बाबतीत ते बदललं नव्हतं, हे नशीब.

पत्रं मोजणीच्या भरवशावर पाठवली नसती. कुणातरी माणसानं चित्र पाहिल्याशिवाय पत्र नाही, हा नियम आता आहे. त्यानं काम सावकाश होतं.

आणि टेक्निशियनना पहिल्या बैठकीला बोलावलं असतं. मालिका बदलल्याचं त्यांनी लपवलं नव्हतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता ते गटात आहेत.

तक्त्यात एक नवा रकाना आला आहे: छातीतल्या उतरत्या महाधमनीत एक वर्तुळ काढून त्यातल्या रक्ताचं प्रमाण विचलन. हा रकाना सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात एका सडपातळ रुग्णाचं विचलन दुप्पट आलं. कर्नेल मऊ, व्होल्टेज तेच, जाडी तीच. चित्र उघडलं तर दोन्ही बाजूंना दंडाची हाडं दिसत होती. खांदा आखडलेला असल्यानं त्या बाईंना हात डोक्यावर नेता आले नव्हते, आणि किरणांना छातीसोबत दोन्ही दंडांतूनही जावं लागलं होतं.